देहातील राज्यकारभार आणि लाल विंचवाचा धडा

कला शाखेच्या विद्यार्थ्याला शरीरशास्त्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न हे पान उघडताच काही वाचकांच्या मनात येईल. राज्यशास्त्राच्या तासाला आपण सत्तेवर अंकुश का हवा हे शिकतो. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि पुरवठा यांचा तोल शिकतो. मानसशास्त्राच्या तासाला भय आणि क्रोध यांचा अभ्यास करतो. हे तिन्ही विषय जेथे एकत्र नांदतात ते ठिकाण म्हणजे आपला स्वतःचा देह. तेथे हुकूम सुटतात आणि त्यांना आवरही घातला जातो. साठा होतो आणि वाटपही होते. भय उत्पन्न होते आणि शमतेही. हा सारा कारभार आपल्या नकळत चालतो, म्हणून त्याची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

या विषयाकडे वळण्याचे दुसरे कारण अधिक जवळचे आहे. देहाचा हा कारभार बिघडला म्हणजे काय होते आणि तो पुन्हा मार्गावर कसा आणावा, या प्रश्नाच्या एका महत्त्वाच्या भागाचे उत्तर जगाला आपल्याच महाड तालुक्यातून मिळाले. वीर स्थानकावर उतरून महाडकडे जाणाऱ्या प्रवाशाला बिरवाडी हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रामुळे आणि एका लहानशा लाल विंचवामुळे ठाऊक आहे. ती हकीकत नीट समजण्यासाठी आधी निरोगी देहाचा कारभार कसा चालतो हे पाहू.

१. आतले हवामान

आपल्या भागात वैशाखात अंगाची काहिली होते, आषाढात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि पौषात पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत कडाक्याची थंडी पडते. बाहेर एवढे बदल होत असता निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान मात्र ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. उपाशीपोटी रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असते. भरपेट भात खाल्ल्यावर ती वाढते आणि दोन-तीन तासांत पुन्हा मूळ पातळीजवळ येते. रक्तातील पाणी, मीठ आणि आम्लता यांचेही असेच आहे.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी या गोष्टीचे मर्म प्रथम ओळखले. त्यांचे म्हणणे असे की, प्राणी दोन परिसरांत जगतो. एक बाहेरचा, जो बदलता असतो. दुसरा आतला, म्हणजे पेशींना चहूबाजूंनी वेढणारा द्रव, जो स्थिर ठेवावा लागतो. आतला परिसर स्थिर असतो म्हणूनच प्राण्याला बाहेर मोकळेपणाने वावरता येते. पुढे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थिरतेला नाव दिले. मराठीत आपण तिला ‘समस्थिती’ म्हणतो. १९३२ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच देहाला शहाणपण बहाल केले.

स्थिरता म्हणजे निश्चलता, असा समज येथे होऊ देऊ नये. दोरीवरून चालणारा डोंबारी सतत डावीकडे-उजवीकडे झुकत असतो, म्हणूनच तो पडत नाही. देहाची स्थिरता त्या जातीची आहे. प्रत्येक क्षणी काहीतरी वाढते, काहीतरी घटते आणि वाढीला घट आवर घालते.

२. निरोपाचे दोन मार्ग

एवढ्या मोठ्या देहात एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचवण्याची सोय हवी. निसर्गाने तिचे दोन मार्ग केले आहेत.

पहिला मार्ग मज्जातंतूंचा. मेंदू आणि मेरुरज्जू यांपासून निघालेले तंतू त्वचेपर्यंत, स्नायूंपर्यंत आणि हृदय-जठरादी अवयवांपर्यंत पोचलेले असतात. तंतूच्या आवरणावर अतिसूक्ष्म दारे असतात. सोडियमची दारे उघडली की विजेची लहर उठते. ती दारे मिटून पोटॅशियमची दारे उघडली की लहर शमते आणि तंतू पुढच्या निरोपासाठी सज्ज होतो. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात घडते. जाड आवरणाच्या तंतूंतून हा निरोप सेकंदाला सुमारे १०० मीटर इतक्या वेगाने जाऊ शकतो. दारे वेळेवर उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर मिटणेही महत्त्वाचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. काही ग्रंथी आपला स्राव नळीवाटे बाहेर न सोडता सरळ रक्तात मिसळतात. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पोष ग्रंथी, गळ्यातील अवटू ग्रंथी, मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि स्वादुपिंडातील पेशींची बेटे ही त्यांची उदाहरणे होत. इंग्लंडमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली आतड्यातून निघणारे असे एक द्रव्य शोधले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांना हार्मोन हे नाव दिले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

या दोन मार्गांतील फरक एका दाखल्याने सांगता येईल. मज्जातंतूचा निरोप हा एका घरी केलेल्या दूरध्वनीसारखा असतो. तो त्वरित पोचतो, त्याच घरी पोचतो आणि लगेच संपतो. संप्रेरकाचा निरोप गावात पिटलेल्या दवंडीसारखा असतो. दवंडी सर्वांच्या दारावरून जाते, पण ज्यांच्याशी तिचा संबंध आहे तेच कामाला लागतात. शरीरात हा ‘संबंध’ पेशीवरील विशिष्ट ग्राहकांमुळे ठरतो. कुलपात बसेल तीच किल्ली चालावी, तसे ज्या पेशीवर त्या संप्रेरकाचा ग्राहक आहे तीच पेशी हुकूम मानते.

फार काळ मज्जातंतूचे काम केवळ विजेचे मानले जात असे. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर एक साधा प्रयोग केला. पहिल्या हृदयाचा व्हेगस हा मज्जातंतू उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. म्हणजे तंतूच्या टोकाशी एखादे रसायन सुटत होते. ते ॲसिटिलकोलीन होय, हे पुढे सिद्ध झाले. लोवी यांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले. या प्रयोगाने दोन मार्गांमधील भिंत पुष्कळशी पडली. अखेरच्या टप्प्यात मज्जातंतूसुद्धा रसायनाच्याच भाषेत बोलतो, हे कळले.

३. टाच आणि लगाम

मज्जासंस्थेचा एक भाग आपल्या इच्छेने चालतो. हात उचलावा म्हटले की उचलला जातो. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी आणि घामाच्या ग्रंथी यांचा कारभार मात्र स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो. तिच्या दोन शाखा आहेत: अनुकंपी आणि परानुकंपी. घोडेस्वाराच्या भाषेत बोलायचे तर पहिली टाच मारते, दुसरी लगाम खेचते.

रायगडाची चढण हे याचे उत्तम उदाहरण. चित् दरवाजापासून पायऱ्या चढू लागलो की पायांच्या स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो. अनुकंपी शाखा जागी होते. हृदयाचे ठोके वाढतात. आतड्यांकडचे रक्त कमी होऊन ते स्नायूंकडे वळते. श्वासनलिका रुंदावतात. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. ते यकृताला साठवलेली साखर मोकळी करण्यास सांगते. तापलेले अंग निववण्यासाठी घाम फुटतो. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतू अनुकंपी शाखेचे असूनही त्यांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटते, हा येथील एक अपवाद. गडावर पोचून होळीच्या माळावर थोडा वेळ बसलो की परानुकंपी शाखा लगाम घेते. व्हेगसच्या तंतूंतून हृदयाला ‘हळू’ असा निरोप जातो. रक्तातील ॲड्रिनॅलिन काही मिनिटांतच मोडून पडते. नाडी पूर्ववत होते आणि थोड्याच वेळात भूकही लागते!

दुसरे उदाहरण शेतातले. भाताच्या लावणीत वाकलेली बाई कंबर मोकळी करण्यासाठी ताठ उभी राहते, तेव्हा रक्त पायांकडे उतरते आणि क्षणभर मेंदूकडचा पुरवठा कमी होऊ लागतो. मानेतील मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारी टोके असतात. ती लगेच मेंदूला खबर देतात. मेंदू रक्तवाहिन्या आवळण्याचा व ठोके वाढवण्याचा हुकूम सोडतो आणि दोन-तीन ठोक्यांत तोल सावरला जातो. दाब गरजेपेक्षा वाढला तर तीच टोके उलट खबर देतात आणि लगाम खेचला जातो.

येथे समस्थितीचे मुख्य सूत्र हाती येते. जो परिणाम घडला तोच आपल्या कारणाला आवर घालतो. साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, पेशी साखर आत घेतात, साखर उतरते आणि साखर उतरली म्हणून इन्शुलिनही कमी होते. उपवासात साखर फार उतरू लागली तर त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन सुटते आणि यकृतातील कोठार उघडते. अवटू ग्रंथीचा स्राव पुरेसा झाला की पोष ग्रंथी आपली ताकीद थांबवते. देहात हुकूम देणारे अनेक आहेत, पण ज्याला आवर घालणारा कोणी नाही असा हुकूमदार निरोगी देहात जवळजवळ सापडत नाही.

मग हा आवरच नाहीसा झाला तर काय होईल? प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारता येतो. कोकणातील खेड्यांत तो लाल विंचवाने विचारला.

४. लाल विंचू काय करतो

आपल्या भागात विंचवाचे दोन प्रकार लोकांच्या परिचयाचे आहेत. एक मोठा, काळा, ज्याला इंगळी म्हणतात. त्याच्या दंशाने आग होते, पण जीव सहसा जात नाही. दुसरा लहान, तांबूस रंगाचा. शेताचे दगडी गडगे, लाकूडफाट्याचा ढीग, पेंढा, विटा आणि कौले ही त्याची वसतिस्थाने. दिसायला किरकोळ असलेला हा दुसरा विंचूच खरा घातक, विशेषतः लहान मुलांना. विषाची मात्रा तेवढीच, पण देह लहान, म्हणून परिणाम मोठा.

या विषाची करणी विलक्षण आहे. नागाचे विष स्नायूंना जाणारे निरोप बंद पाडते. घोणसाचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करते. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवरील दारांवर बसते. सोडियमची दारे वेळेवर मिटत नाहीत आणि पोटॅशियमची काही दारे अडवली जातात. परिणामी लहर शमत नाही. एका निरोपाच्या जागी निरोपांचा वर्षाव सुरू होतो. मेंदूने हुकूम दिलेला नसतानाही तंतूंची टोके आपापले रसायन ओतत राहतात.

आरंभी ॲसिटिलकोलीनची लक्षणे दिसतात: उलट्या, तोंडाला सुटणारी लाळ, सर्वांगाला दरदरून घाम. त्यापाठोपाठ अनुकंपी शाखेचे वादळ उठते आणि ते पुष्कळ तास टिकते. तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिन आणि अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रिनॅलिन यांचा पूर येतो. सर्व शरीरातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात. रक्तदाब भडकतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटण्यासाठी हृदयाला जिवापाड श्रम करावे लागतात आणि त्याच रसायनांच्या अतिरेकाने हृदयाचे स्नायूही दुखावतात. मेंदू लगाम खेचू पाहतो, पण तंतूंची टोके आता त्याच्या ताब्यात राहिलेली नसतात. अखेर हृदयाचा डावा कप्पा थकतो, मागे तुंबलेले रक्त फुप्फुसांत दाटते आणि त्यातील द्रव झिरपून श्वासाच्या पोकळ्यांत भरतो. रोग्याला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. यालाच फुप्फुसाची सूज म्हणतात.

संप्रेरकांचा कारभारही याच वेळी कोलमडतो. वाढलेली ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्ये स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडू देत नाहीत. यकृत मात्र साखर मोकळी करत राहते. रक्तात साखर वाढलेली आणि पेशी उपाशी, अशी मधुमेहासारखी विपरीत अवस्था उत्पन्न होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील राधाकृष्ण मूर्ती यांनी या इन्शुलिनच्या बाजूचा विशेष अभ्यास केला.

तात्पर्य, विंचू माणसाला मारण्यापुरते विष बाळगत नाही. तो माणसाच्या स्वतःच्या संप्रेरकांना आणि मज्जातंतूंना बेलगाम करून सोडतो. रायगड चढताना ज्या द्रव्याने आपल्याला बळ दिले, तेच द्रव्य लगाम तुटल्यावर प्राण घेते.

संत एकनाथांचे विंचवावरील भारूड आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. विंचू चावलेल्याच्या अंगाला घाम सुटल्याचा उल्लेख त्यात आहे. नाथांनी विंचू हे कामक्रोधाचे रूपक म्हणून घेतले. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातील आध्यात्मिक अर्थ पाठ असतो. त्या घामालाही वैद्यकीय अर्थ आहे, हे ठसठशीतपणे मांडण्याचे काम पुढे महाडच्या परिसरात झाले.

५. बिरवाडीतील निरीक्षण

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकरी कुटुंबातले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे त्यांना विंचूदंशाचे रुग्ण दगावताना दिसले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला फारसे स्थान नव्हते. दंशाच्या जागी वेदना होतात, त्या शमवाव्यात, असाच सर्वसाधारण समज होता. वेदनेने माणूस मरत नाही. मग हे रुग्ण कशाने मरतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

त्यांच्याजवळ मोठे उपकरण नव्हते. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब आणि घाम यांची वेळोवेळी नोंद करणे, एवढेच साधन होते. त्या नोंदींतून एक क्रम स्पष्ट होत गेला. ज्याला फक्त दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, भरपूर घाम येतो आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर पुढे संकट येण्याचा संभव असतो. म्हणजे ही लक्षणे धोक्याची पूर्वसूचना होत. हे निरीक्षण १९८२ साली लंडनहून निघणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या मान्यवर वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

पूर्वसूचना कळली, पण उपचाराचा प्रश्न उरलाच. तोवर जे उपाय केले जात त्यांत ॲट्रोपिन हेही एक औषध असे. घाम आणि लाळ थांबवण्यासाठी ते दिले जाई. परंतु ॲट्रोपिन परानुकंपी शाखेचे काम अडवते. घोडा उधळलेला असता उरलासुरला लगामही सोडून द्यावा, तसे ते होते. नाडी आणखी वाढे आणि हृदयावरचा ताण वाढे. लक्षण दबले म्हणजे रोग दबला असे नव्हे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

६. गाठ नेमकी कोठे सोडवावी?

येथे एक जुने संशोधन उपयोगी पडले. अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये असे मांडले होते की, ॲड्रिनॅलिनचे ग्राहक दोन जातींचे आहेत: अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आवळण्याचे काम मुख्यतः अल्फा ग्राहकांमार्फत होते, तर हृदयाचे ठोके वाढवण्याचे काम बीटा ग्राहकांमार्फत. मग विंचूदंशाच्या रुग्णाला खरी गरज कशाची? हृदयाला चाबूक मारण्याची नाही आणि हृदय एकदम रोखण्याचीही नाही. हृदयापुढचा अडथळा, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या, सैल करण्याची गरज आहे.

प्राझोसिन हे औषध नेमके हेच करते. उच्च रक्तदाबासाठी ते आधीच वापरात होते. गोळीच्या रूपात मिळणारे, स्वस्त, खेड्यातील दवाखान्यातही ठेवता येण्याजोगे. ते अल्फा ग्राहकांच्या कुलपात जाऊन बसते, मग नॉरॲड्रिनॅलिनच्या किल्लीला जागा उरत नाही. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो, फुप्फुसांत तुंबलेले रक्त पुढे सरकते. डॉ. बावस्कर यांनी पदव्युत्तर शिक्षणानंतर पुन्हा याच भागात येऊन हा उपचार रुग्णांवर वापरला आणि १९८६ साली त्याचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखांतील नोंदीप्रमाणे, प्राझोसिनपूर्वी गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. नंतर ते १ टक्क्याच्या आसपास आले.

पुढचा टप्पा प्रतिविषाचा. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार झाले. प्रतिविष आणि प्राझोसिन यांची कामे निराळी आहेत. प्रतिविष रक्तातील विषाला पकडते, परंतु आधीच सुटलेल्या ॲड्रिनॅलिनचे ते काही करू शकत नाही. प्राझोसिन त्या ॲड्रिनॅलिनचा मारा अडवते, परंतु विष मात्र शरीरात राहते. दोन्ही मिळून दिल्यास काय होते, याची पद्धतशीर तुलना डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री किताब मिळाला. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे मराठी आत्मकथनही प्रसिद्ध आहे.

७. मंत्राचे यश कोठून येते?

विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे जाण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. केवळ अडाणीपणा म्हणून ती झिडकारण्यापेक्षा ती टिकली कशी, याचा विचार आपण केला पाहिजे. काळ्या विंचवाच्या दंशाने बहुधा मृत्यू येत नाही. लाल विंचवाच्या दंशातही प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. म्हणजे दंश झालेले पुष्कळ जण काहीही न करता काही तासांत बरे होतात. त्या काही तासांत जो कोणी समोर बसलेला असतो त्याच्या पदरात यश पडते. तर्कशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की, एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. हा नियम येथे अक्षरशः जीवन-मरणाचा ठरतो, कारण ज्या थोड्यांच्या अंगात वादळ उठलेले असते त्यांचे मोलाचे तास त्या अंगणात निघून जातात.

म्हणून घरी, वाडीवर, नातलगांत पुढील चार गोष्टी आपण सांगितल्या पाहिजेत. विंचू चावल्यास रुग्णाला धीर द्यावा आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, करकचून दोरी बांधू नये. उलट्या, भरपूर घाम आणि गार हातपाय दिसल्यास, वेदना कमी असली तरी, क्षणाचाही उशीर करू नये. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये. प्राझोसिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. ते घेतल्यावर रुग्ण एकदम उठून उभा राहिल्यास रक्तदाब घसरून घेरी येऊ शकते, म्हणून त्याला आडवे ठेवतात. रात्री पेंढ्यात वा लाकडांत हात घालण्यापूर्वी उजेड धरणे आणि सकाळी पादत्राणे झटकून पायांत घालणे, या सवयींना काहीच खर्च नाही.

८. उपसंहार

आपल्या देहाचा कारभार बलवान हुकमांवर चालत नाही, तर हुकूम आणि आवर यांच्या जोडीवर चालतो, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. इन्शुलिनला ग्लुकागॉन, अनुकंपीला परानुकंपी, उघडणाऱ्या दाराला मिटणारे दार. लाल विंचू या जोडीतील एक बाजू निकामी करतो आणि दुसरी बाजू, जी एरवी आपली रक्षणकर्ती असते, तीच घात करते. त्यावरचा उपायही नवा हुकूम सोडण्याचा नव्हता. गेलेला आवर परत आणून देण्याचा होता. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसल्यास नवल नाही.

दुसरी गोष्ट ज्ञान कोठे निर्माण होते याविषयी. मोठी महाविद्यालये, सुसज्ज प्रयोगशाळा आणि परदेशी विद्यापीठे यांचे मोल आहेच. परंतु लाल विंचवाच्या दंशात माणूस कसा मरतो आणि कसा वाचतो, हे जगाला कळण्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रातील नोंदवहीचा वाटा फार मोठा आहे. लक्षपूर्वक पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि लिहिलेल्यावर विचार करणे ही तीन साधने कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही उपलब्ध आहेत. आपल्या वाडीची बोली, गावची जत्रा, पुराच्या आठवणी, शेतीच्या रीती हे सारे अशाच नोंदवह्यांची वाट पाहत आहे. त्या नोंदवह्यांतील पहिल्या काही याच महाविद्यालयातून निघोत, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.